‘नंबर बाहेरचा आहे’

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात ऑनलाइन छळाची तक्रार घेऊन गेलेल्याला एक वाक्य बहुधा ऐकावं लागतं : ‘नंबर बाहेरचा आहे.’ फोनवर +४४ दिसलं की इंग्लंड, +१ दिसलं की अमेरिका. मग अर्ज घेतला जातो, त्यावर शिक्का बसतो आणि ‘सायबरला जा’ असा सल्ला मिळतो. पेणचा माणूस वडखळ-पोयनाडमार्गे आणि रोह्याचा माणूस सुडकोली-रामराजच्या रस्त्याने जिल्ह्याचं ठिकाण असलेलं अलिबाग गाठतो. तिथेही नंबर बाहेरचाच असतो.

माझं म्हणणं असं, की या वाक्यातलं ‘बाहेर’ पुष्कळदा खोटं असतं. ते खरं असतं तेव्हासुद्धा करण्याजोगं बहुतेक काम तालुक्यातच करावं लागतं. सायबर छळ सरहद्दी ओलांडतो हे सगळेच सांगतात. पण सरहद्द हे पोलिसांना, कंपन्यांना आणि आपल्यालाही किती सोयीचं निमित्त झालं आहे, हे कोणी फारसं बोलत नाही.

आधी नंबराचंच पाहू. परदेशी नंबर म्हणजे परदेशातला माणूस नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं उघडायला पडताळणीचा कोड एकदाच लागतो आणि तो आभासी नंबरावरही घेता येतो. असे नंबर इंटरनेटवर विकत मिळतात. त्यामुळे +४४ वरून शिव्या देणारा लंडनमध्ये असेल, तसाच तो नागोठण्यातही असेल. हा फरक तपासाशिवाय कळत नाही, आणि नंबर पाहून तपासच सुरू झाला नाही तर तो कधीच कळणार नाही.

दुसरं म्हणजे, पेण-रोह्याला परदेश नवा नाही. हमरापूर-जोहे पट्ट्यातल्या कारखान्यांतले गणपती भाद्रपदाच्या कितीतरी महिने आधी बोटीने निघतात. रोहेकर, पेणकर ही आडनावं इस्रायलमध्येही सापडतात, कारण या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली ज्यू तिकडे गेले ते गावाचं नाव बरोबर घेऊनच. रोहा, म्हसळा, श्रीवर्धनच्या मोहल्ल्यांतून आखातात जाण्याची वाट जुनी आहे. जहाजावर नोकरी करणारी आणि दुबईला ‘साइटवर’ असलेली मुलं गावोगावी भेटतात. अशा प्रदेशात परदेशातून छळणारा माणूस अनोळखी हॅकरच असेल असं धरून चालण्यात अर्थ नाही. तो मोडलेल्या लग्नातला मुलगा असू शकतो, कॉलेजातला जुना मित्र असू शकतो, जमिनीच्या वादातला चुलतभाऊ असू शकतो. त्याच्या हातात फोन दोहाचा असेल, पण त्याचं घर, सातबारा, आईबाप आणि पासपोर्टवरचा पत्ता इथलाच असतो.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातलं काहीच अशक्य नाही. रोह्याजवळच्या गावातली एक मुलगी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ठरलेलं लग्न मोडलं. मुलगा कतारला. दोन महिन्यांनी तिच्या नावाने, तिचाच फोटो लावून इन्स्टाग्रामवर खातं निघतं. तिच्या सहकाऱ्यांना आणि मावशीला संदेश जाऊ लागतात. रोज नवा नंबर, रोज तोच मजकूर. मग एके दिवशी जोडकाम केलेला एक फोटो गावच्या ग्रुपवर येऊन पडतो.

यात कायदा कुठे कमी पडतो? जवळपास कुठेच नाही. स्त्रीने नकार दिल्यावरही तिच्याशी वारंवार संपर्क साधणं किंवा तिच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवणं हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे आणि पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्याची ओळख वापरून तोतयेगिरी केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६-क आणि ६६-ड लागतात, लैंगिक मजकूर पसरवल्यास ६७ आणि ६७-अ. नाव लपवून धमकी देण्याला संहितेत जादा शिक्षा आहे. आरोपी कतारमध्ये बसला आहे, याचाही विचार झालेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७५ सांगतं, की गुन्ह्यात भारतातला संगणक किंवा जाळं गुंतलं असेल तर करणारा कुठेही असो, कोणत्याही देशाचा असो, कायदा त्याला लागू आहे. कृत्याचा परिणाम जिथे झाला तिथल्या न्यायालयात खटला चालू शकतो, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९९ म्हणतं. परिणाम रोह्यात झाला आहे. आणि १ जुलै २०२४ पासून हद्दीच्या कारणावरून दखलपात्र गुन्हा नोंदवायला नकार देण्याची सोयही उरलेली नाही.

मग घोडं अडतं कुठे? पहिल्यांदा माणसांच्या संख्येवर. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असं त्याच कायद्याचं कलम ७८ सांगतं. तालुक्याच्या ठाण्यात या दर्जाचा अधिकारी बहुधा एकच असतो. मुंबई-गोवा महामार्गावरचे अपघात, गणपतीतला बंदोबस्त, निवडणूक, मंत्र्यांचे दौरे, हे सगळं त्याच्याच माथ्यावर. त्याच्या टेबलावर इन्स्टाग्रामचं खातं शेवटी येणार, यात नवल नाही. दर्जाची ही अट कायद्याच्या दुरुपयोगाला आळा बसावा म्हणून होती. आज तिचा परिणाम उलटा झाला आहे आणि ती बदलायला कुठल्याही परराष्ट्राची संमती लागत नाही.

दुसऱ्यांदा घोडं अडतं ते वेळेवर. समाजमाध्यम कंपन्यांनी काढून टाकलेला मजकूर आणि बंद खात्याची नोंदणी-माहिती तपासासाठी १८० दिवस जपून ठेवावी, असं २०२१ चे नियम सांगतात. इंटरनेट पुरवणाऱ्यांनी आपल्या नोंदी १८० दिवस ठेवाव्यात, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. मेटासारखी कंपनी पोलिसांनी विनंती केली तर रीतसर कागद येईपर्यंत ९० दिवस पुरावा गोठवून ठेवते. ही विनंती पहिल्याच दिवशी ऑनलाइन पाठवता येते आणि तिला ना दूतावास लागतो ना न्यायालय. अर्ज तीन महिने ‘चौकशीवर’ पडून राहिला तर मात्र पुढे जगातला कोणताही करार कामाचा नाही, कारण मागायला काही शिल्लकच नसतं. त्यात बारकावेही आहेत. कंपनीने कळवलेली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एकाच वेळी असंख्य ग्राहकांना वाटतात, म्हणून त्याच्यासोबत पोर्ट क्रमांकही मागावा लागतो. यातलं एक चुकलं की भलत्याच माणसाच्या दारात पोलीस जातात किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ असा शेरा येतो. तो शेरा वाचून आपण म्हणतो, परदेशी कंपन्या सहकार्य करत नाहीत. कधी ते खरंही असतं.

तिसरी अडचण तक्रारदाराच्या हातातल्या पुराव्याची. स्क्रीनशॉट काढले की काम झालं असं लोकांना वाटतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात पक्कं केलं. तो वाद उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही एवढ्यापुरता होता, पण त्याचा निकाल आज रोह्यातल्या मुलीच्या फोनलाही लागू आहे. आता हे प्रमाणपत्र साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यायचं असतं. खात्याचा पूर्ण दुवा, तारीख-वेळ, मूळ फोन आणि न पुसलेले संदेश एवढं तिला पहिल्याच दिवशी कोणी समजावून सांगितलं तर खटल्याचा निम्मा पाया तिथेच पडतो.

सरहद्द हे पुष्कळदा नुसतं निमित्त असतं, हे महाराष्ट्रात एकदा फार ठळक दिसलं. १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’साठी मांडले गेले. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. अ‍ॅप ठेवलं होतं गिटहबवर, म्हणजे अमेरिकी कंपनीकडे. सहा महिन्यांपूर्वी, जुलै २०२१ मध्ये, हुबेहूब असाच ‘सुल्ली डील्स’ हा प्रकार झाला होता. दिल्लीत आणि नोएडात गुन्हे नोंदले गेले होते, पण अटक एकही नव्हती आणि अमेरिकेकडून कराराच्या वाटेने माहिती मागवण्याची चर्चा चालू होती. मुंबईच्या सायबर पोलिसांनी या वेळी ती वाट पाहिली नाही. अ‍ॅपला प्रसिद्धी देणारी ट्विटर खाती, त्यांचे एकमेकांतले संबंध यांचा माग काढत ते पहिल्याच आठवड्यात बंगळुरू आणि उत्तराखंडपर्यंत पोचले. अ‍ॅप बनवणारा दिल्ली पोलिसांना आसामात जोरहाटला सापडला. त्यानंतर काही दिवसांतच सहा महिने रखडलेल्या ‘सुल्ली डील्स’मधली अटकही इंदूरहून झाली. मधल्या काळात एका खात्याने जाहीर केलं होतं, की खरा सूत्रधार मी आहे आणि मी नेपाळात आहे. पुढे पोलिसांनी सांगितलं, की ते खातंही जोरहाटच्या त्याच तरुणाचं होतं. ‘मी सीमेपलीकडे आहे’ असं नुसतं म्हटलं की पोलीस थबकतात, हे त्या एकवीस वर्षांच्या पोराला आपल्या यंत्रणेपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

अर्थात खरोखरच बाहेरचे लोक आहेतच. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी २०२० ते २०२२ या काळात जे केलं त्याचा मी पाहिलेल्या ऑनलाइन छळांत सर्वांत वरचा क्रमांक लागतो. तीन-चार हजारांचं कर्ज, आठवड्याची मुदत, आणि मग फोनमधल्या सगळ्या नंबरांवर कर्जदाराचे जोडकाम केलेले नग्न फोटो. लोकांनी जीव दिले, मुंबईतही दिले. मुंबई पोलिसांच्या तपासात धागे चीनपर्यंत गेले. तिथला मालक हाती लागणं जवळजवळ अशक्य होतं. तरीही या धंद्याला लगाम बसला, आणि तो ज्या प्रकारे बसला ते मला महत्त्वाचं वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये भारतीय ग्राहकांसाठी उपलब्ध असलेल्या सुमारे ११०० कर्ज-अ‍ॅपपैकी ६०० बेकायदा आढळली. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेने नियम केले, की कर्जाचं अ‍ॅप ग्राहकाच्या फोनमधली नंबरांची यादी, फोटो, कॉलच्या नोंदी यांना हात लावणार नाही आणि पैसा थेट बँक खात्यातून खात्यात जाईल. पुढच्या वर्षी गूगलनेही आपल्या दुकानातल्या कर्ज-अ‍ॅपना नंबर आणि फोटो वाचायला बंदी केली. छळ पुरता थांबला नाही. पण छळणाऱ्याच्या हातातलं हत्यार होतं कर्जदाराच्या मेहुण्याचा, मुख्याध्यापकाचा आणि दूधवाल्याचा नंबर. ते काढून घेता आलं आणि त्यासाठी कोणाला शेन्झेनला जावं लागलं नाही.

दूरच्या छळणाऱ्याला जवळचं काहीतरी लागतंच. पैसे घ्यायला इथलं बँक खातं लागतं, जे कोणीतरी कमिशनवर भाड्याने दिलेलं असतं. सिमकार्ड लागतं. पुण्यात २०२२ मध्ये नग्न व्हिडिओच्या धमक्यांनी तरुणांनी आत्महत्या केल्या, तेव्हा पोलिसांचा माग राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातल्या एका गावापर्यंत गेला. परदेश तिथे नव्हताच. आणि कधीकधी तिकडचा छळणारा इकडचाच माणूस निघतो. म्यानमारच्या सीमेवरच्या फसवणूक-छावण्यांतून मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणलं गेलं, आणि एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने साठहून अधिक जणांची सुटका जाहीर केली. नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेली, पासपोर्ट हिसकावून घेतलेली ही मुलं तिथे बसून अनोळखी लोकांना फसवत होती. त्यांना आरोपी म्हणायचं की बळी, हे ठरवणं सोपं नाही. त्यांना तिथे पाठवणारे दलाल मात्र इथलेच होते आणि त्यांना आरोपी म्हणायला काहीच हरकत नाही.

सगळ्यांत मोठं स्थानिक हत्यार आपण स्वतः पुरवतो, ते म्हणजे बदनामीची भीती. कतारमधून आलेला तो फोटो एकट्या त्या मुलीने पाहिला असता तर ती घाबरली असती, चिडली असती, पण मोडली नसती. तो गावच्या ग्रुपवर पडला, तिथून भावकीच्या, तिथून क्रिकेट संघाच्या, आणि ‘बघा, आपल्या इथलीच आहे’ अशा ओळीसह परत तिच्या भावाकडे आला. पहिला पाठवणारा एक होता. पुढचे चाळीस जण पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहतात. अश्लील चित्र पुढे पाठवणं हाही गुन्हाच आहे आणि इथे कोणाचाही नंबर बाहेरचा नाही. या चाळीसांतल्या दोघांवर जरी गुन्हा नोंदला गेला तर कतारमधल्या माणसाचा निम्मा दरारा संपेल. ते होत नाही, कारण ती ‘आपली पोरं’ असतात. गावचा तंटा गावात मिटवायची आपल्याकडे मोठी हौस आहे. बांधाच्या वादाला ती ठीक. इथे समेट म्हणजे मुलीने खातं बंद करायचं, नोकरी सोडायची आणि शक्य तितक्या लवकर लग्न करायचं. मुलग्याच्या वाट्याला तर समेटही येत नाही. पाठलागाचं कलम फक्त स्त्रीला संरक्षण देतं. छळ होणारा अठरा वर्षांखालचा असेल तर पोक्सो आहे, तो मुलगा-मुलगी भेद करत नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलाने तक्रार केली तर त्याला खंडणी आणि धमकीची कलमं शोधत बसावी लागतात, आणि त्याआधी ठाण्यातलं हसू सोसावं लागतं.

मजकूर काढून टाकणं आणि आरोपी पकडणं ही दोन कामं वेगळी आहेत. आपण ती एकत्र बांधून ठेवतो आणि पहिलं दुसऱ्याची वाट पाहत बसतं. नग्न किंवा जोडकाम केलेला फोटो तक्रारीनंतर २४ तासांत हटवावा, ही अट २०२१ च्या नियमांतच होती, आणि त्यासाठी गुन्हा नोंदलेला असण्याचीही गरज नाही. ‘स्टॉप एनसीआयआय’ या ब्रिटिश सेवेत फोटो आपल्या फोनमधून बाहेर न पाठवता त्याचा फक्त अंकीय ठसा देता येतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो अडवतात. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये ई-सेफ्टी कमिशनर हे पद निर्माण केलं, त्यामागची दृष्टी हीच होती, की आधी मजकूर खाली आणा, मग माणूस शोधा. कॉलेजच्या कार्यालयातल्या किंवा तहसील कचेरीतल्या एखाद्या माणसाला एवढं नीट करता आलं, तर पहिल्या रात्रीचा कहर टळेल.

राहिला प्रश्न करारांचा. भारत-अमेरिका परस्पर कायदेशीर साहाय्य करार २००१ मध्ये झाला आणि २००५ पासून लागू आहे. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यामुळे तिथल्या कंपनीला संदेशांतला मजकूर परकी पोलिसांना थेट देता येत नाही, म्हणून ही वाट दिल्लीतून वॉशिंग्टनकडे आणि तिथून एखाद्या न्यायालयात जाते. २०१८ च्या कायद्याने अमेरिकेने मित्रदेशांसाठी जवळचा रस्ता काढला. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया त्यावर चालू लागले, भारत नाही. २००१ च्या बुडापेस्ट करारात आपण नाही. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०२४ मध्ये सायबर गुन्ह्यांवरचा करार संमत केला. खाजगी चित्रं संमतीशिवाय पसरवणं हा गुन्हा मानण्याचं कलम त्यात आहे, ही चांगली गोष्ट. पण रोजच्या रोज नव्या नंबरावरून येणारे ते संदेश, म्हणजे पाठलाग, हा स्वतंत्र गुन्हा म्हणून बुडापेस्टमध्येही नाही आणि यातही नाही.

करारांची ही वाट आणखी वेगवान झाली पाहिजे, पण तिच्यावरचं कुलूपच काढून टाका असं मी म्हणणार नाही. त्याचं कारण कोकणातच घडलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टसाठी अटक झाली, त्यातल्या एकीने ती फक्त ‘लाइक’ केली होती. ज्या कलम ६६-अ चा तिथे वापर झाला ते मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. ऑनलाइन छळाला आळा घालण्यासाठीच ते कलम आहे, असं त्याआधी सांगितलं जात होतं. दोन्ही देशांत गुन्हा असेल तरच माहिती देऊ, ही काही करारांतली जाचक वाटणारी अट अशा पोस्टच्या वेळी नागरिकाच्या बाजूने उभी राहते. रोह्यातल्या मुलीसाठी उघडलेल्या दारातून उद्या कोणत्याही सरकारला पेणमधल्या वार्ताहराची माहिती नेता येऊ नये.

आणि वाट लांब असली तरी ती चालता येते. कॅनडातल्या अमांडा टॉड या पंधरा वर्षांच्या मुलीने ऑक्टोबर २०१२ मध्ये छळाला कंटाळून आत्महत्या केली. छळणारा हजारो किलोमीटरवर, नेदरलँड्समध्ये होता. जानेवारी २०१४ मध्ये त्याला तिथे अटक झाली, इतर मुलींच्या छळासाठी तिथेच शिक्षा झाली, २०२० च्या अखेरीस त्याला कॅनडाच्या ताब्यात दिलं गेलं आणि २०२२ मध्ये तेरा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. पुढे डच न्यायालयाने ती सहा वर्षांवर आणली. निकालाबद्दल मतभेद असतील, पण दहा वर्षं कोणीतरी ती फाइल बंद होऊ दिली नाही.

कतारमधल्या आपल्या माणसासाठी इतकं लांबही जावं लागणार नाही. तो भारताचा नागरिक आहे. कतारमध्ये २०१४ पासून सायबर गुन्ह्यांचा कडक कायदा आहे, म्हणजे तिथे असलेला नातेवाईक तिथेही तक्रारीचा मार्ग विचारू शकतो. शिवाय १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे ज्याच्यावर भारतातल्या फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित आहे, त्याला नवा पासपोर्ट नाकारता येतो आणि असलेला जप्त करता येतो. आखातात पासपोर्टशिवाय ना व्हिसा टिकतो ना नोकरी, हे त्या मुलाला कोणत्याही वकिलापेक्षा चांगलं कळतं. मात्र नुसता गुन्हा नोंदला म्हणजे खटला प्रलंबित झाला असं होत नाही. त्यासाठी रोह्याच्या न्यायालयात दोषारोपपत्र जावं लागतं, आणि ते लिहायचं आहे रोह्याच्याच पोलीस ठाण्यात.